टोलीभर फिरलेली हवेची मशीन

एकोडीच्या टोलीत, म्हणजे आमच्या वस्तीत, डोमाजी नंदागवळीपाशी काही मागाले गेलं का उत्तर ठरलेलं, "ने ना बाबा." शिडी मागा, फावडं मागा, फवारणीचा पंप मागा. एका पावसाळ्यात कोणी त्याची छत्रीच मागून नेली, तं हा माणूस गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन तलावाच्या पाळीवर फिरत राहिला, पण 'माही छत्री दे' म्हणून कोणाच्या दारात गेला नाही. त्याची बायको धुरपता सांगत राहे, "याईले उद्या कोणी बायको मागितली तं बी 'ने ना बाबा'च म्हणतीन."

"तुले नेणारा दुसऱ्याच दिवशी वापस आणून देईन," डोमाजी म्हणे.

डोमाजी काही पुढारी नव्हता. गावच्या तलावाचा पाणकर होता. म्हणजे धानाले पाणी सोडाचं काम त्याचं. आज कोणाच्या बांधीत पाणी, उद्या कोणाच्या, कोणाची बांधी उतारावर, कोणाची चढावर, सारं त्याच्या डोक्यात. पाण्यापायी भाऊ भावाचं डोकं फोडते. तिथं डोमाजी मधात उभा राहून दोघाईले झापे, अन् दोघंबी मान खाली घालून ऐकत. ज्याले वाटते का हे सोपं काम आहे, त्यानं एक दिवस करून पाहावं.

पण त्याची खरी इज्जत विहारात. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. तेवढे दिवस रोज सांजवेळी विहारात ग्रंथ वाचला जाते अन् टोली बसून ऐकते. बाया रोवणीचा चिखल धुऊन, पांढरं लुगडं नेसून येतात. अन् वाचणारा डोमाजी. त्याचा बाप अंगठाछाप. छप्पन साली नागपूरले पायी जाऊन दीक्षा घेऊन आला अन् आल्याबरोबर म्हणाला, "मले अक्षर येत नाही, पण माहा पोरगा वाचीन." डोमाजी तेव्हा जन्मलाबी नव्हता. जन्मला, सातवी शिकला, अन् बापानं त्याले उचलून ग्रंथापुढं बसवलं. तवापासून तो उठला नाही. आवाज काही मोठा नव्हता त्याचा. पण तलावाचं पाणी एका धारेनं बांधीत उतरते ना, तसा तो ऐकणाऱ्यात उतरे.

टोलीचा एक नेम होता. पौर्णिमेले ज्यानं पहिलं पान उघडलं, त्यानंच शेवटचं पान मिटाचं. मधात वाचणारा बदलत नाही. ज्याची पौर्णिमा हुकली त्याचा पुरा वर्षावास हुकला.

दोन वर्सांपासून मात्र डोमाजीचं काहीतरी बिघडलं. तो बसल्या जागी झोपे. पाळीवर झोपे. घास हातात अन् डोळे बंद. एकदा तं दोन शेतकऱ्याईचं भांडण मिटवता मिटवता झोपला. ते दोघं भांडण सोडून याले उचलून घरी घेऊन आले. इथवर लोकं हासत होते. पण गेल्या वर्षावासात ग्रंथ वाचताना त्यानं एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली, अन् मंग कपाळ पानावर टेकलं. पोट्टे फिदीफिदी हासले. कमिटीचा सचिव अंकुश, पोरगा वाईट नाही पण तोंडाले लगाम नाही, म्हणे, "डोमाकाका, पुढच्या साली आपण स्पीकरवर लावून देऊ. पेनड्राइव्हले झोप येत नाही."

डोमाजी त्या दिवशी जेवला नाही.

लोकाईले वाटे, घोरते म्हणजे मस्त झोपते. धुरपताले खरं माहीत होतं. गिरणीसारखा घोरणारा माणूस मधातच गप्प होये. श्वास बंद. ती उठून बसे, त्याच्या छातीवर हात ठेवून वाट पाहे. मंग पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा मोठा आवाज करून श्वास वापस येई. हे रोजचं. सांगावं कोणाले? घोरण्याची काय तक्रार कराची? पण पानावर टेकलेलं ते कपाळ पाहून तिचं डोकं फिरलं. ती त्याले साकोलीच्या डॉक्टरकडं घेऊन गेली, अन् त्यानं चिठ्ठी देऊन नागपूरले पाठवलं.

नागपूरले एक डॉक्टरीणबाई होती. झोपेचीच डॉक्टर. डोमाजीले नवल वाटलं, झोपेचा बी डॉक्टर राहते? त्याच्या डोक्याले, छातीले, नाकाले वायरी लावून दवाखान्यातच झोपवलं, अन् सकाळी बाई म्हणाल्या, "काका, झोपेत तुमचा घसा मिटतो. श्वास अडतो. मग मेंदू तुम्हाला उठवतो, तुम्हाला मात्र कळत नाही. म्हणून रात्रभर झोपूनही झोप होत नाही. नाकावर मास्क लावून झोपायचं. मशीन हवा देईल, त्या दाबानं घसा उघडा राहील."

"किती दिवस?" धुरपतानं विचारलं.

"चष्मा किती दिवस लावतात? तसंच."

मशीन विकणाऱ्या दुकानाचा पोरगा सचिन तिथंच होता. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गुळासारखं. त्यानं टेबलावर दोन डबे ठेवले. "काका, ही फिक्स. हिच्यात एकच प्रेशर. दहा ठेवलं तर रातभर दहा. अन् ही ऑटो. ही तुमचा श्वास ओळखते. घसा मिटू लागला का हवा वाढवते, मोकळा असला का कमी करते. जमाना ऑटोचा आहे, काका."

डोमाजी दोन्ही डब्यांकडं पाहत राहिला. तलावातून पाणी सोडाच्या तोंडाले आमच्याकडं तुडूम म्हणतात. तो म्हणे, "म्हणजे पहिलीत तुडूम एकदा उघडून द्याचं, रातभर तेवढंच पाणी. अन् दुसरीत पाणकर बसला आहे. बांधी पाहून पाणी कमी-ज्यास्त करते."

"अगदी बरोबर," बाई हासल्या. "आता मला सांगा, ज्या बांधीला रोज तेवढंच पाणी लागतं, तिला पाणकर कशाला?"

"असं बोलाल तं पाणकराची भाकर जाईन, बाई."

धुरपताबी हासली. पण तिनं सरळ विचारलं, "मंग याईले कोणती?"

"ते मी तोंड पाहून नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "काहींना कुशीवर कमी हवा लागते, उताणं झोपलं की जास्त. सर्दी झाली, दारू घेतली, वजन वाढलं की बदलते. त्यांना ऑटो बरी. काहींचं एका जागी थांबलेलं असतं, त्यांना फिक्स पुरते, अन् ती स्वस्तही पडते. काकांचं हृदय, फुप्फुस ठीक आहे, म्हणून आपण घरीच पाहू शकतो. ऑटो भाड्यानं न्या, काही आठवडे लावा. रोज किती हवा लागली ते ती आपल्या पोटात लिहून ठेवते. ते पाहून ठरवू."

मशीन घरी आली. पहिल्या सकाळी डोमाजी उठला, अंगणात आला अन् उभाच राहिला. म्हणे, "धुरपता, आज उजेड ज्यास्त आहे का?"

"रोजच्याएवढाच आहे," ती म्हणाली. अन् आत जाऊन चुलीपाशी उगीचच बसून राहिली.

आठ दिवसांत माणूस पालटला. पाळीवर टक्क जागा. भाकर खाताना गोष्टी करे. वर्षावासाले अजून वेळ होता, पण यानं पेटीतून ग्रंथ काढून घरीच वाचून पाहिला, अन् एकबी डुलकी नाही. धुरपता सगळ्याईले सांगत सुटली.

अन् तिथंच घात झाला.

टोलीत नवी वस्तू एका घराची राहत नाही. कोणाकडं पहिली मिक्सर आली होती, तं साऱ्या टोलीची चटणी तिच्यात वाटली गेली, तिचं भांडं फुटेपर्यंत. मागणाऱ्याले लाज नाही अन् देणाऱ्याले राग नाही. तशी ही मशीन. पहिली आली कुंताबाई. महिला मंडळाची अध्यक्ष, वजनानं चिमणी, वयानं साऱ्याईची मावशी. "डोमा, मले झोप येत नाही रे. ते हवेचं देतं का एक दिवस?"

"ने ना मावशी."

मंग सोमाजी आला. उन्हाळा पेटला होता अन् त्याचा कूलर बंद पडला होता. त्याले कोणी सांगितलं का मशीन थंडी हवा देते. तो मास्क लावून झोपलाच नाही. मास्कातूनच बायकोले हाका मारत राहिला, "पाहून तं घे, पाहून तं घे!" सकाळी मशीन वापस करताना म्हणे, "कूलर बरा."

तिसरा देवाजी. डोमाजीचा लहानपणचा गडी, जिवाचा दोस्त. दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवे, मान अशी जाड का गमछा दोनदा गुंडाळला जात नाही. त्यानं बाजूले बोलावून विचारलं, "लेका डोम्या, कोणाले सांगू नको. एक दिवस दे." अन् एकदा लावल्यावर त्याले गोडीच लागली. "मस्त झोप लागते बे. पुन्हा दे." पुन्हा नेली. मंग पुन्हा. गालात खर्रा तसाच ठेवून वर मास्क लावे. सुपारी-तंबाखूचा वास नळीपर्यंत गेला.

धुरपता साबणानं मास्क घासत बसे अन् तिचं तोंड चालू राहे. "मी शिडी देल्यावर बोलली का? छत्री देल्यावर बोलली का? श्वास बी उसना देता का तुमी?"

"अवं, एका दिवसानं काय होते? मशीन झिजते का?"

"मशीन नाही झिजत. तुमी झिजता. पाहा आरशात."

खरंच, ज्या दिवशी मशीन दुसऱ्याच्या घरी, त्याच्या दुसऱ्या दिवशी डोमाजी पुन्हा पाळीवर पेंगताना दिसे. पण त्याले एक गोष्ट सुचलीच नाही. मशीन सारं लिहून ठेवते हे बाईनं सांगितलं होतं. त्याले वाटलं, जी मशीन श्वास ओळखते तिले माणूस ओळखता येत नसीन का? माहं माह्या नावावर लिहीन, देवाजीचं देवाजीच्या नावावर.

आषाढी पौर्णिमा चार-पाच दिवसांवर आली तेव्हा नवराबायको मशीन घेऊन नागपूरले गेले. बाईनं मशीनीतलं कार्ड कम्प्युटरात लावलं. पडद्यावर रेघा आल्या. बाई पाहत राहिल्या.

"इथं तर पहाड अन् दऱ्या आहेत. एक दिवस चार-पाचवरच थांबलेली, काही दिवस दहावर, मधे सगळं फाटलेलं, अन् हे दिवस थेट सतरा-अठरा. इतकी फिरते, तर ऑटोच घ्यावी लागेल."

"मी म्हटलं नव्हतं?" सचिन पुढं आला. "काका, आजच घेऊन जा. नवीकोरी."

धुरपताचा जीव भांड्यात पडला. ऑटो महाग होती, पण तिनं मनात बकऱ्या विकूनबी टाकल्या. आजच मशीन भेटली तं पौर्णिमेले तिचा माणूस ताजातवाना होऊन ग्रंथापुढं बसन. बस. तिले एवढंच पाहिजे होतं.

डोमाजीचं ध्यान मात्र बाईच्या बोटावर होतं. बाई त्या सतरा-अठरावर बोट ठेवून म्हणत होत्या, "या दिवसांची मला काळजी वाटते, काका. एवढ्या हवेवरही घसा मिटतोय. हे चांगलं नाही."

डोमाजीनं धुरपताकडं पाहिलं. तिले कळलं. तिनं टेबलाखाली त्याच्या मांडीले असा चिमटा घेतला का दुसरा असता तं बोंबलला असता.

"बाई," डोमाजी म्हणे, "ते मी नव्हे."

"म्हणजे?"

"हे चारवाली कुंतामावशी आहे. हे फाटलेलं आमचा सोमाजी. तो झोपला नाही, बोलत होता. अन् हा पहाड..." तो थांबला. त्यानं देवाजीले शब्द देला होता. "हा माहा गडी आहे. नाव नाही सांगत. पण माणूस आणून उभा करतो."

बाईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. सचिन म्हणे, "काका, ही मशीन आहे का पाणपोई?"

बाई हासल्या, अन् हासता हासताच थांबल्या. "त्या गड्याला लवकर आणा. थट्टा नाही करत मी. तो दिवसा काय काम करतो?"

"ट्रॅक्टर चालवते."

"मग आणखीच लवकर. अन् आता तुमचं ऐका. या रेघांमधून तुमची कोणती, हे मी ठरवू शकत नाही. आणखी एक आठवडा ही लावा. फक्त तुम्ही. दुसऱ्या कोणाच्या नाकाला लागली तर मी कार्ड उघडूनही पाहणार नाही."

भंडारा गेलं, लाखनी आली. बसमध्ये धुरपता मशीनीची थैली मांडीवर घट्ट धरून खिडकीबाहेर पाहत राहिली. साकोली जवळ आल्यावर तोंड उघडलं.

"कायले बोलले तुमी? भेटत होती ना मशीन? आता पौर्णिमेले पेंगत बसा. अन् एकदा पेंगले का अंकुश स्पीकर घेऊन उभाच आहे."

"देवाजीचा श्वास बंद होते, धुरपता."

"तुमचा होत होता तेव्हा देवाजी आला होता ऐकाले?"

"माहा ऐकाले तू होती," डोमाजी म्हणे. "त्याची बायको मेली. त्याचा कोण ऐकते?"

धुरपतानं थैली दुसऱ्या मांडीवर घेतली.

देवाजी घरी भेटला नाही, बांधीच्या धुऱ्यावर भेटला. ट्रॅक्टरले चिखलणीची लोखंडी चाकं लावून राहिला होता. डोमाजीनं सारं सांगितलं. देवाजीनं खर्रा थुंकला.

"मले काय झालं बे? मी तं ढाण्या वाघ आहो. चिखलणीचे दिवस आहेत, नागपूरले कोण जाते? अन् एकदा का गावात झालं, याले झोपेचा रोग आहे, तं मले ट्रॅक्टर कोण देईन? तू शब्द देला होता, डोम्या."

"नाव नाही सांगितलं."

"मंग झालं तं. आता विषय बंद."

त्या रोजपासून डोमाजीनं मशीन कोणाले देली नाही. सोमाजीचा पाहुणा फक्त पाहाले आला तं धुरपतानं त्याले दारातूनच वापस पाठवलं. पण मांगच्या दिवसांची झोप तुटलेली होती, अन् मधातल्या चार दिवसांत काय भरून येणार?

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहारात कमिटी बसली. अंकुशनं सरळच मांडलं. "काकाचा मी मान ठेवतो. पण मांगच्या साली पोट्टे हासले ते ग्रंथावर हासल्यासारखं झालं. काकाची मशीन अजून ठरली नाही. एकदा काकानं पान उघडलं का आपल्याले बदलता येत नाही. तृप्ती चांगली वाचते, बारावी झाली, तिले बसवा."

"तृप्ती वाचते का रेल्वे पळवते?" कुंताबाई म्हणाली. "मले एक अक्षर समजत नाही तिचं. अन् डोमाची मशीन ठरली नाही ते कोणाच्यानं? माह्यानं, या सोम्याच्यानं, अन् आणखी कोणाच्यानं ते त्याचं त्याले माहीत."

देवाजी भिंतीले टेकून बसला होता. तो जमिनीकडं पाहू लागला.

डोमाजी उठला. "अंकुश बरोबर बोलते. मी उद्या पान उघडतो. पण उघडल्यावर माहा डोळा लागला, तं त्याच जागी ग्रंथ उचलून तृप्तीपुढं ठेवाचा. नेम मोडला तं माह्यानं मोडीन, तुमच्यानं नाही. अन् मंग मी पुन्हा त्या जागेवर बसणार नाही. या साली नाही, पुढच्या साली नाही."

धुरपता उठून बाहेर गेली.

मंग देवाजी खाकरला. "मी बसतो डोम्याजवळ. ओळीवर बोट ठेवतो. याचा डोळा झाकला का मी असा कोपर मारीन का तलावात पडल्यासारखा जागा होईन."

"तुले वाचता येते का?" अंकुशनं विचारलं.

"बोट ठेवाले वाचता यावं लागते का बे?"

पौर्णिमेले विहार भरलं. बसाले अंथरलेली पांढरीफट्ट बसकूर, मेणबत्त्या, अगरबत्तीचा वास, बाहेर पाऊस येतो का नाही असा ढग. त्रिशरण-पंचशील झालं. डोमाजीनं हात जोडले अन् पहिलं पान उघडलं. बाजूले देवाजी, गुडघ्यावर गुडघा ठेवून, कोपर तयार. धुरपता बायांमध्ये बसली होती, पण ती ग्रंथाकडं नाही, नवऱ्याच्या पापण्यांकडं पाहत होती.

पहिलं पान झालं. दुसरं झालं. आवाज सरळ धारेनं चालला होता. एका जागी डोमाजी थांबला अन् धुरपताचा श्वास अडकला, पण तो पाणी प्याले थांबला होता. पुन्हा सुरू झाला. पोट्टे त्याच्या डुलकीची वाट पाहत होते, ते कंटाळून चुपचाप ऐकू लागले. तिसऱ्या पानावर देवाजीचं बोट ओळीवरून सरकलं अन् खाली पडलं.

मंग घोरणं सुरू झालं.

पहिले पोट्टे हासले, मंग बाया. सोमाजी म्हणे, "जागल्याच झोपला!" डोमाजी हासू दाबत वाचत राहिला. देवाजीची मान छातीवर, घोरणं वाढत गेलं. अन् एकदम बंद.

हासणं चालू होतं, तेबी हळूहळू थांबलं. देवाजीची छाती हालत नव्हती. डोमाजी वाचता वाचता थांबला. पुरी टोली त्या एका माणसाच्या श्वासाची वाट पाहू लागली. कोणीतरी "माय वं" म्हणालं. अंकुश अर्धा उठला. मंग देवाजीच्या घशातून तो आवाज निघाला, पाण्यातून वर आल्यासारखा, अन् श्वास वापस आला. पुन्हा घोरणं. अन् पुन्हा बंद.

डोमाजीनं हे कधी ऐकलं नव्हतं. कसं ऐकीन? स्वतःचं स्वतःले ऐकू येत नाही. त्यानं मान वळवून बायांकडं पाहिलं.

"असंच," धुरपता म्हणाली. हळूच बोलली, पण साऱ्याईले ऐकू गेलं. "मी रोज असंच ऐकत होती."

डोमाजी ग्रंथाकडं वळला. पान अर्धं राहिलं होतं, ते त्यानं पुरं वाचलं, शेवटल्या शब्दापर्यंत, थोडासा मोठ्या आवाजात. खूण ठेवून ग्रंथ मिटला. मंग देवाजीच्या खांद्यावर हात ठेवून त्याले हालवलं.

देवाजी दचकून उठला अन् उठल्याउठल्या कोपर डोमाजीच्या बरगडीत हाणलं. "जागा हो बे!"

कोणी हासलं नाही. देवाजीनं चारही बाजूले पाहिलं. पुरी टोली त्याच्याकडं पाहत होती, अन् त्याले कळलं का लपवाले आता काही राहिलं नाही.

"चिखलणी..." तो म्हणाला.

"चिखलणी गेली चुलीत," कुंताबाई म्हणाली. "दहा बांध्या मांगं पडल्या तं टोली बैल जुपीन. तू मेला तं ट्रॅक्टर माहा बाप चालवीन का?"

"ट्रॅक्टरच्या मालकाशी मी बोलतो," अंकुश म्हणे. "अन् नागपूरले बी मी संग येतो, देवाकाका. आता काही बोलू नका."

आठवडा पुरा झाल्यावर चौघं नागपूरले गेले. बाईनं आधी देवाजीची मान पाहिली, मंग चार गोष्टी विचारल्या, अन् त्याले झोपेच्या तपासणीसाठी तिथंच ठेवून घेतलं. "यांचं मी घरी मशीन देऊन नाही पाहणार. इथंच, डोळ्यांसमोर पाहीन. अन् मी सांगेपर्यंत ट्रॅक्टर बंद." देवाजी काही तरी बोलणार होता. अंकुशनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो संग राहणार होता.

मंग डोमाजीचं कार्ड. या वेळी पडद्यावर पहाड नव्हते. मांगच्या भेटीपासून तं आजपर्यंत एकच रेघ, दहाच्या जवळपास, पाळीवरून पाहिलेल्या तलावासारखी सपाट.

"हे तुम्ही," बाई म्हणाल्या. "कुशीवर असो, उताणं असो, तुम्हाला तेवढीच हवा लागते. ऑटो वाईट नाही, तीही चालली असती. पण तुमची गरज फिक्समध्ये भागते. दहावर लावून देते. सुरुवातीला हळू हवा येईल, मग झोप लागेपर्यंत दहावर पोचेल."

"पण काका, पुढं वजन वाढलं, त्रास बदलला तर?" सचिननं एक बार करून पाहिला. "ऑटो आपोआप सांभाळते."

"बदललं तर पुन्हा तपासू," बाई म्हणाल्या. "तसंही वर्षातून एकदा यायचंच आहे. पेंग पुन्हा सुरू झाली तर त्याच्या आधी."

डोमाजी धुरपताकडं वळला. "तू सांग. लावून देणारी तू, मास्क धुणारी तू."

धुरपतानं दोन्ही डबे पाहिले. ऑटोवर दिवे होते, आकडे नाचत होते. फिक्स साधी. "हेच द्या," ती म्हणाली. "हिच्यात पाहाले काही नाही. कोणी मागाले येणार नाही."

सचिनसुद्धा हासला.

दुपारची बस पकडून दोघं निघाले. मशीन धुरपताच्या मांडीवर. भंडाऱ्याले बस लय वेळ थांबली, तं डोमाजी खाली उतरून कंडक्टरले सांगू लागला का बाबू, सांजवेळच्या आत पोचव, विहारात लोकं बसून राहतात. कंडक्टर म्हणे, "काका, गाडी काय मी ढकलू?" साकोलीहून एकोडीले दोघं कोणाच्या तरी मालाच्या टेम्पोत, धानाच्या खाताच्या पोत्यांवर बसून आले. टोलीत पाय ठेवला तेव्हा विहारातल्या मेणबत्त्या लागल्या होत्या. तृप्ती ग्रंथ पाटावर मांडून, न उघडता, बाजूले बसून होती.

"आजोबा, हात-पाय धुऊन घ्या," ती म्हणाली. "आम्ही थांबतो."

डोमाजीनं हात-पाय धुतले. धुरपता थैली घरी ठेवाले गेली नाही. ती तशीच मांडीवर घेऊन बायांमध्ये बसली. त्या रोजचं प्रकरण लांब होतं. डोमाजीनं पुरं वाचलं.